शिडाच्या होडीतील बॅटरी आणि फ्यूज : निवड कशी करावी?

शिडाची होडी वाऱ्यावर चालते. तरीही आज सात-आठ मीटर लांबीच्या होडीच्या पोटातदेखील एक-दोन बॅटऱ्या असतातच. मार्गदर्शक दिवे, व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस, तळात साचलेले पाणी उपसणारा बिल्ज पंप, सुकाणू सांभाळणारा ऑटोपायलट, केबिनमधील दिवे आणि लहान इंजिनाचा स्टार्टर या सर्वांना वीज लागते. १२ व्होल्टच्या विजेचा हाताला झटका बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी मानण्याची प्रवृत्ती आढळते. हा समज घातक आहे. झटका व्होल्टवर अवलंबून असतो, पण वायर तापते ती अँपिअरमुळे. आणि अँपिअर देण्याच्या बाबतीत होडीतील बॅटरी घरातल्या विजेच्या जोडणीलाही मागे टाकते.

गोव्याचा आणि शिडाच्या नौकांचा संबंध जुना आहे, तसाच तो ताजाही आहे. दिवाडी बेटावरील कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या शिडाच्या नौकांनी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केल्या. मोठ्या नौकांची विद्युतव्यवस्था तज्ज्ञ आखतात. लहान खासगी होडीत मात्र वायर कोणती, फ्यूज किती अँपिअरचा आणि तो कुठे बसवायचा, हे बहुधा मालक आणि गावातला वायरमन मिळून ठरवतात. फायबरच्या होडीतील पॉलिएस्टर रेझिन एकदा पेटले की विझवणे कठीण जाते आणि समुद्रात अग्निशमन दलाची गाडी येत नाही. त्यामुळे फ्यूजची निवड हा होडीच्या सुरक्षिततेतील मूलभूत विषय ठरतो.

फ्यूज रक्षण करतो तो वायरचे

फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी असतो, हा पहिला गैरसमज. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज वायरसाठी असतो. उपकरणात बिघाड झाल्यास ते उपकरण जाते. पण वायरचे आवरण घासून तिचा धन वाहक ऋण वाहकाला किंवा इंजिनाच्या धातूला टेकला, तर बॅटरीतील सारी शक्ती त्या वायरमधून वाहू लागते. वायर लालबुंद होते, आवरण वितळते, शेजारच्या वायरी पेटतात आणि त्या आगीला लाकूड, गाद्या आणि रेझिन असे भरपूर इंधन मिळते.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो. वायर सुरक्षितपणे जेवढा प्रवाह वाहू शकते, त्याहून फ्यूजचा आकडा मोठा असता कामा नये. उपकरणाला लागणारा प्रवाह ही त्याची खालची मर्यादा आणि वायरची वहनक्षमता ही वरची मर्यादा. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात फ्यूज बसवावा लागतो. हा पट्टाच उरत नसेल, तर फ्यूज वाढवणे हा त्यावरचा उपाय नाही. वायर जाड करावी लागते.

उपकरणाच्या रक्षणासाठी वेगळा आणि लहान फ्यूज लागतो. त्याचा आकडा उपकरणाच्या माहितीपत्रकात दिलेला असतो व तो पाळावा. बिल्ज पंप हे याचे नेमके उदाहरण आहे. पंपाच्या पात्यात कचरा अडकला की मोटर फिरायची थांबते आणि नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह ओढते. तरी हा प्रवाह जाड वायरच्या मानाने किरकोळच असतो. वायरच्या हिशेबाने मोठा फ्यूज बसवला असेल तर तो उडत नाही आणि अडकलेली मोटर तापत राहते.

बॅटरी किती प्रवाह देऊ शकते?

बॅटरीच्या दोन्ही टोकांमध्ये थेट जोड लागल्यास वाहणारा प्रवाह तिच्या अंतर्गत रोधावर ठरतो. १०० अँपिअर-तास क्षमतेच्या चांगल्या लेड-ॲसिड बॅटरीचा अंतर्गत रोध सुमारे ५ मिलिओहम धरला, तर १२.६ व्होल्टला ०.००५ ने भागून सुमारे २,५०० अँपिअर हे उत्तर मिळते. पूर्ण शॉर्ट सर्किट झाल्यास पहिल्या क्षणी एवढा प्रवाह फ्यूजमधून जाऊ पाहतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांचा अंतर्गत रोध आणखी कमी असतो. सुटे मोठे सेल जोडून तयार केलेल्या संचाचा, जोडपट्ट्या धरून, एकूण रोध १.२ मिलिओहम असेल, तर १३.२ व्होल्टला हा प्रवाह ११,००० अँपिअरपर्यंत जातो. लेड-ॲसिड काढून तिच्या जागी लिथियम बसवताना जुनाच फ्यूज ठेवणे धोक्याचे का, हे या दोन आकड्यांच्या तुलनेतून समजते.

फ्यूजवरील तीन आकडे

फ्यूजवर बहुतेकांना एकच आकडा दिसतो, तो म्हणजे अँपिअर. निवडताना मात्र तीन आकडे पाहावे लागतात.

पहिला आकडा नेमून दिलेल्या प्रवाहाचा. ३० अँपिअरचा फ्यूज ३१ अँपिअरला लगेच उडत नाही. मोटारगाड्यांतील साध्या पात्याच्या फ्यूजमधून नेमलेल्या प्रवाहाच्या ११० टक्के प्रवाह गेला, तरी तो १०० तास टिकणे अपेक्षित असते. १३५ टक्क्यांना त्याला पाऊण सेकंदापासून १० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. २०० टक्क्यांना ०.१५ ते ५ सेकंद. म्हणजे थोड्या अधिक भाराला फ्यूज मंद प्रतिसाद देतो आणि मोठ्या बिघाडाला त्वरित. सतत चालणारा भार फ्यूजच्या आकड्याच्या ८० टक्क्यांपेक्षा अधिक ठेवू नये, असा संकेत आहे. वेगळ्या शब्दांत, भाराला १.२५ ने गुणून फ्यूज निवडावा.

दुसरा आकडा व्होल्टचा. फ्यूज वितळल्यावर त्याच्या दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी, म्हणजे आर्क, उठते. ती विझवण्याची फ्यूजची ताकद व्होल्टनुसार ठरते. ३२ व्होल्टसाठी बनवलेला फ्यूज १२ आणि २४ व्होल्टच्या होडीत चालतो. विजेवर चालणाऱ्या इंजिनासाठी ४८ व्होल्टचा संच बसवला असेल, तेथे मात्र तो चालत नाही.

तिसरा आकडा सर्वांत दुर्लक्षित आणि बॅटरीजवळ सर्वांत महत्त्वाचा आहे : खंडनक्षमता. फ्यूज स्वतः न फुटता जास्तीत जास्त किती प्रवाह तोडू शकतो, हे तो आकडा सांगतो. बॅटरी २,५०० अँपिअर देऊ शकत असेल आणि फ्यूजची खंडनक्षमता १,००० असेल, तर फ्यूजची तार वितळेल, पण आर्क चालूच राहील. फ्यूजचे आवरण फुटेल किंवा त्याचा होल्डरच जळेल. सुरक्षेसाठी बसवलेली वस्तू अशा वेळी आगीचे कारण ठरते.

फ्यूजचे प्रकार

पात्याचा फ्यूज. मोटारगाड्यांमुळे सर्वांच्या परिचयाचा असलेला हा रंगीत फ्यूज कोठेही मिळतो आणि स्वस्त असतो. त्याची खंडनक्षमता ३२ व्होल्टला साधारण १,००० अँपिअर असते. वितरण पॅनेलवर, म्हणजे बॅटरीपासून काही मीटर वायर गेल्यानंतर, दिवे, रेडिओ, जीपीएस अशा शाखांसाठी तो योग्य आहे. बॅटरीच्या थेट टोकावर मुख्य फ्यूज म्हणून तो वापरू नये.

मेगा फ्यूज. बोल्टने बसवण्याचा हा फ्यूज गाड्यांमध्ये मुख्य वायरवर असतो. त्याची खंडनक्षमता ३२ व्होल्टला सुमारे २,००० अँपिअर असल्यामुळे मोठ्या बॅटरीच्या टोकावर तो अपुरा पडतो.

एएनएल फ्यूज. जुन्या होड्यांत आणि गाड्यांच्या ध्वनियंत्रणेत दिसणारा हा चपटा फ्यूज चांगल्या बनावटीचा असेल, तर ३२ व्होल्टला ६,००० अँपिअर तोडू शकतो. तथापि बाजारात त्याच आकाराचे अनेक नकली फ्यूज मिळतात आणि त्यांवर खंडनक्षमता छापलेलीच नसते. ज्या फ्यूजवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात हा आकडा नाही, तो बॅटरीजवळ घेऊ नये.

एमआरबीएफ फ्यूज. हा लहान चौकोनी फ्यूज थेट बॅटरीच्या टर्मिनलवर बसतो. त्याची खंडनक्षमता १४ व्होल्टला १०,००० आणि ३२ व्होल्टला ५,००० अँपिअर असते. तो ३० ते ३०० अँपिअरपर्यंत मिळतो. लेड-ॲसिड बॅटरी असलेल्या लहान होडीसाठी तो बहुधा सर्वांत सोयीचा ठरतो, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये असुरक्षित वायर जवळजवळ उरतच नाही.

क्लास टी फ्यूज. धातूच्या नळीत बंद असलेला हा वेगवान फ्यूज २०,००० अँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडू शकतो. तो महाग असतो व त्याला स्वतंत्र होल्डर लागतो. लिथियमच्या मोठ्या संचाला मात्र तोच घ्यावा.

फ्यूज कुठे बसवावा?

वायरमध्ये प्रवाह ढकलणारा स्रोत बॅटरी असल्यामुळे फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ, तितके बरे. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला वायरचा तुकडा कोणाच्याच संरक्षणाखाली नसतो. अमेरिकी नौका मानकांत हे अंतर वायरच्या लांबीने मोजून ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर इतके ठेवण्यास सांगितले आहे. वायर बॅटरीलाच जोडलेली असेल आणि तिच्यावर पूर्ण लांबीचे संरक्षक आवरण किंवा नळी असेल, तर ७२ इंचांपर्यंत सवलत आहे. आंतरराष्ट्रीय मानकात ही मर्यादा २० सेंटिमीटर आहे. आकड्यांत थोडा फरक असला, तरी अर्थ एकच.

फ्यूज नेहमी धन बाजूवर बसवला जातो. बॅटरीतून पॅनेलकडे जाणारी वायर आणि बिल्ज पंपाची वायर यांपैकी प्रत्येक स्वतंत्र धन वायरला तिचा स्वतंत्र फ्यूज हवा. बिल्ज पंपाची वायर मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून घेतली जाते, कारण होडी बंद करून मालक घरी गेला तरी पंप चालू राहायला हवा. नेमकी हीच वायर माणसाच्या नजरेआड रात्रंदिवस जिवंत असते, म्हणून तिचा फ्यूज विसरला जाऊ नये.

वायरची वहनक्षमता

भारतात वायर चौरस मिलिमीटरमध्ये विकली जाते. घरगुती पीव्हीसी वायरचे आवरण साधारणपणे ७० अंश सेल्सिअस तापमानासाठी असते; चांगल्या नौका-वायरचे आवरण १०५ अंशांपर्यंत टिकते. लहान नौकांच्या आंतरराष्ट्रीय मानकातील तक्त्यानुसार ७० अंशांच्या एकेरी वायरची वहनक्षमता पुढीलप्रमाणे धरली जाते :

१.५ चौ. मिमी – १८ अँपिअर
२.५ चौ. मिमी – २५ अँपिअर
४ चौ. मिमी – ३५ अँपिअर
६ चौ. मिमी – ४५ अँपिअर
१० चौ. मिमी – ६५ अँपिअर
१६ चौ. मिमी – ९० अँपिअर
२५ चौ. मिमी – १२० अँपिअर
३५ चौ. मिमी – १६० अँपिअर
५० चौ. मिमी – २१० अँपिअर

वायर इंजिनाच्या खणातून जात असेल, तर ७० अंशांच्या वायरसाठी हे आकडे ०.७५ ने गुणावेत. अनेक वायरी एकत्र बांधल्या, तरी क्षमता कमी होते, कारण मधल्या वायरची उष्णता बाहेर जात नाही.

आवरणापेक्षाही तांब्याकडे लक्ष द्यावे. कलई केलेल्या बारीक तारांची वायर खाऱ्या हवेत टिकते. साध्या तांब्याच्या टोकांवर हिरवा-काळा थर चढतो, सांध्याचा रोध वाढतो आणि वायर नेमकी सांध्यापाशी तापते. तेथील उष्णता फ्यूजला ओळखता येत नाही, कारण प्रवाह नेहमीएवढाच असतो. म्हणून फ्यूज कितीही चांगला असला, तरी सैल किंवा गंजलेल्या सांध्यावर तो इलाज नाही.

एक हिशेब

आठ मीटर लांबीची एक होडी उदाहरणादाखल घेऊ. १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी, तिच्यापासून तीन मीटर अंतरावर वितरण पॅनेल आणि सर्व उपकरणे एकाच वेळी चालू असतील तर एकूण भार ३५ अँपिअर.

प्रथम वायर ठरवावी. रेडिओ आणि मार्गदर्शक दिव्यांसारख्या महत्त्वाच्या उपकरणांसाठी वायरमध्ये ३ टक्क्यांपेक्षा अधिक व्होल्टेज गळू नये, असा दंडक आहे. १२ व्होल्टचे ३ टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट. जाण्यायेण्याची वायर सहा मीटर. तांब्याचा विशिष्ट रोध धरून हिशेब केला, तर सुमारे १०.२ चौरस मिलिमीटर जाडी लागते. १० ची वायर किंचित कमी पडते. पॅनेलपुढच्या शाखांतही थोडी घट होणारच असते, म्हणून १६ ची घ्यावी.

आता फ्यूज. खालची मर्यादा ३५ गुणिले १.२५, म्हणजे सुमारे ४४ अँपिअर. वरची मर्यादा १६ च्या वायरची वहनक्षमता, म्हणजे ९० अँपिअर. या पट्ट्यात ५० किंवा ६० अँपिअरचा एमआरबीएफ फ्यूज बसतो. ६० चा घेतल्यास भर उन्हाळ्यातही विनाकारण उडणार नाही आणि वायरही पूर्ण सुरक्षित राहील.

खंडनक्षमता तपासावी. बॅटरी २,५०० अँपिअर देऊ शकते. एमआरबीएफ ३२ व्होल्टच्या कठोर कसोटीतही ५,००० तोडतो. निवड योग्य ठरली.

पॅनेलवरील शाखांचे काय? मुख्य वायरचा सहा मीटरचा रोध साधारण ६.६ मिलिओहम. बॅटरीच्या ५ मध्ये तो मिळवला की ११.६ होतात. म्हणजे पॅनेलवर शॉर्ट सर्किट झाल्यास सुमारे १,०९० अँपिअर वाहतील. त्यापुढे १.५ च्या वायरची दोन मीटर लांब शाखा धरली, तर शाखेच्या टोकाला हा प्रवाह सुमारे २१५ अँपिअरवर येतो. पॅनेलच्या अगदी तोंडाशी शॉर्ट झाल्यास पात्याचा फ्यूज आपल्या मर्यादेच्या काठावर असतो आणि तेथे ६० अँपिअरचा मुख्य फ्यूज त्याच्या मागे उभा असतो. शाखेवर पुढे मात्र त्याची क्षमता भरपूर पुरते.

फ्यूज नसता तर काय झाले असते? १.५ च्या पीव्हीसी वायरमधून २१५ अँपिअर वाहिले, तर तिचे आवरण साधारण पाऊण सेकंदाच्या आतच आपल्या सुरक्षित तापमानाची मर्यादा ओलांडते. माणसाचा हात स्विचपर्यंत पोहोचण्याआधी हे घडून जाते. १० अँपिअरचा पात्याचा फ्यूज या प्रवाहाला त्याच्या कितीतरी आधी तुटतो.

डोलकाठीच्या टोकावरील दिवा हे उलट टोकाचे उदाहरण. वायर जाऊन-येऊन ३० मीटर आणि जाडी १.५ असेल, तर तिचा स्वतःचा रोधच ०.३५ ओहम होतो आणि डोलकाठीच्या टोकाला शॉर्ट झाला तरी जेमतेम ३५ अँपिअर वाहतात. तेथे २० अँपिअरचा फ्यूज असेल, तर तो काही सेकंद टिकून राहू शकतो. शिवाय तो १८ अँपिअरच्या वायरसाठी मोठाही आहे. एलईडी दिव्याला अर्धा अँपिअर पुरतो. तेथे २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज बसवला, तर तो क्षणात उडतो. लांब आणि बारीक वायरला लहान फ्यूजच हवा.

इन्व्हर्टर, स्टार्टर आणि अल्टरनेटर

१,००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर, बॅटरी उतरून ११ व्होल्टवर आली असताना आणि ८५ टक्के कार्यक्षमता धरून, सुमारे १०७ अँपिअर ओढतो. १.२५ ने गुणल्यावर १३४ येतात. म्हणून फ्यूज १५० चा. त्यासाठी ३५ ची वायर पुरते, कारण तिची क्षमता १६० आहे. मात्र तीच वायर इंजिनाच्या खणातून गेली, तर क्षमता १२० वर येते आणि फ्यूज वायरपेक्षा मोठा ठरतो. अशा वेळी ५० ची वायर घ्यावी.

इंजिनाच्या स्टार्टरच्या वायरला मानकांनी फ्यूजची सक्ती केलेली नाही. स्टार्टर फिरू लागताना क्षणभर खूप मोठा प्रवाह ओढतो आणि चुकीचा फ्यूज नेमका गरजेच्या वेळी, खडकाळ किनाऱ्याजवळ वारा पडलेला असताना, उडू शकतो. ही सवलत वायर आखूड असावी, नीट बांधलेली असावी आणि कोठेही घासत नसावी, या अपेक्षेवर उभी आहे. स्टार्टरची वायर लांब असेल किंवा घरगुती वापराची आणि स्टार्टरची बॅटरी एकच असेल, तर इंजिन उत्पादकाने दिलेला स्टार्टरचा प्रवाह पाहून मोठा, मंद गतीने उडणारा फ्यूज बसवणे शहाणपणाचे ठरते.

अल्टरनेटरच्या बाबतीत वेगळी काळजी लागते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्यातील जोड अचानक तुटला, तर व्होल्टेज झपाट्याने चढते आणि अल्टरनेटरचे डायोड तसेच त्यावर जोडलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे जळू शकतात. म्हणून या वायरवरचा फ्यूज अल्टरनेटरच्या पूर्ण क्षमतेहून पुरेसा मोठा असावा. तो केवळ खऱ्या शॉर्ट सर्किटलाच उडायला हवा. याच कारणासाठी इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद करू नये.

सौर पॅनेलचा मामला

१०० वॉटचे सौर पॅनेल शॉर्ट केले, तरी साधारण सहा अँपिअरच देते. त्यामुळे पॅनेलपासून नियंत्रकापर्यंतच्या वायरला पॅनेलकडून फारसा धोका नसतो. नियंत्रकापासून बॅटरीपर्यंतच्या वायरमध्ये मात्र दोन स्रोत भेटतात आणि त्यांतला बलवान बॅटरी असतो. म्हणून त्या वायरचा फ्यूज नियंत्रकाजवळ नव्हे, बॅटरीच्या टोकाशी बसवायचा असतो. ही चूक लहान होड्यांत वारंवार दिसते : फ्यूज असतो, पण चुकीच्या टोकाला.

समांतर बॅटऱ्या आणि लिथियम

दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या असतील आणि एकीच्या आतला सेल शॉर्ट झाला, तर दुसरी बॅटरी तिच्यात प्रवाह ओतू लागते. दोघींसाठी मिळून एकच फ्यूज पुढे बसवलेला असेल, तर या प्रवाहाच्या वाटेत तो येतच नाही. म्हणून प्रत्येक बॅटरीच्या धन टोकावर स्वतंत्र फ्यूज असावा.

लिथियम बॅटरीत बीएमएस नावाचे नियंत्रक मंडळ असते आणि ते अधिक प्रवाह झाल्यास बॅटरी तोडते. त्यामुळे बाहेर फ्यूजची गरज नाही, असा युक्तिवाद कधीकधी केला जातो. तो मान्य करता येत नाही. बीएमएसमधील इलेक्ट्रॉनिक स्विच स्वतः बिघडताना बहुधा बंद अवस्थेतच अडकतात, म्हणजे प्रवाह वाहतच राहतो. फ्यूज हा शेवटचा यांत्रिक पहारा आहे. शिवाय लिथियम बॅटरी चार्ज होताना १४ व्होल्टच्या वर जाते, तेव्हा एमआरबीएफचा १४ व्होल्टचा मोठा आकडा धरून चालता येत नाही. मोठ्या लिथियम संचाच्या मुख्य वायरवर क्लास टी हाच सुरक्षित पर्याय आहे.

घरातला एमसीबी आणि किटकॅट

घरातील २३० व्होल्टचा एमसीबी १२ व्होल्टवर सहज चालेल, हा तर्क फसवा आहे. घरातील प्रवाह उलटसुलट दिशेने वाहतो आणि सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी आर्क आपोआप विझते. बॅटरीचा प्रवाह एकदिश असतो, तो शून्यावर येतच नाही. घरगुती एमसीबी ही आर्क तोडण्यासाठी बनवलेला नसतो. सर्किट ब्रेकर हवाच असेल, तर डीसीसाठी असल्याचे आणि खंडनक्षमतेचे आकडे त्यावर छापलेले असावेत.

चिनी मातीच्या किटकॅट होल्डरमध्ये तांब्याची तार अडकवण्याची जुनी सवय होडीत कायमची सोडावी. तारेचा एक पेड किती अँपिअरला वितळेल, याचा काहीही नेम नसतो. फ्यूज वारंवार उडत असेल, तर तो बिघाड दाखवतो आहे. जाड तार घालून त्याचे तोंड बंद करणे म्हणजे तोच बिघाड वायरच्या माथी मारणे.

पेट्रोल, हायड्रोजन आणि ठिणगी

पेट्रोलवर चालणारे इंजिन किंवा पेट्रोलची टाकी बंद जागेत असेल, तर तेथे बसवलेला फ्यूज आणि त्याचा होल्डर ज्वलनरोधी म्हणून प्रमाणित असावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळाशी साचते. त्याउलट लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो हलका असल्याने वर चढतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले, की पेट घेऊ शकतो. म्हणून बॅटरीच्या खणाला वरच्या बाजूने हवा खेळती ठेवावी आणि उघड्या धातूचा फ्यूज तेथे वापरू नये. धन टर्मिनलवर रबरी टोपी असावी. हातातून निसटलेला पाना हेही शॉर्ट सर्किटचे कारण ठरते.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर

किनाऱ्यावरील बहुतेक लहान होड्या पावसाळ्यात काठावर ओढल्या जातात. होडी पुन्हा पाण्यात उतरवण्यापूर्वी फ्यूजची तपासणी करावी. दर फ्यूजचा होल्डर उघडून रंग बदलला आहे का, प्लॅस्टिक वितळले आहे का, हे पाहावे. मुख्य वायरवर नेहमीचा भार चालू ठेवून फ्यूजच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. आकडा मागील वर्षीपेक्षा वाढला असेल किंवा स्पर्शाला होल्डर गरम लागत असेल, तर सांधा खराब झाला आहे. बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या ताकदीनेच घट्ट करावेत.

प्रत्येक आकाराचे किमान दोन जादा फ्यूज होडीत कोरड्या डब्यात असावेत आणि कोणत्या वायरवर कोणता फ्यूज, याचा कागद पॅनेलच्या झाकणामागे चिकटवलेला असावा. रात्री अंधारात, डोलणाऱ्या होडीत, हातात टॉर्च धरून आठवणीवर विसंबणे कठीण असते.

निवडीचा क्रम

सारांशाने निवडीचा क्रम असा : आधी भार मोजावा, भार आणि अंतर पाहून वायर ठरवावी, वायरची वहनक्षमता, तापमान धरून, शोधावी, भाराच्या सव्वापट आणि वहनक्षमता यांच्या मधला फ्यूज निवडावा, बॅटरीचा शॉर्ट सर्किटचा प्रवाह काढून त्याहून अधिक खंडनक्षमता असलेला प्रकार घ्यावा, आणि तो बॅटरीच्या २० सेंटिमीटरच्या आत बसवावा. चांगल्या मुख्य फ्यूजची किंमत बॅटरीच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते. ज्या वायरला फ्यूज नाही, ती होडीत असेपर्यंत मात्र बॅटरीचा सारा जोर त्या एका वायरच्या आवरणावरच अडवलेला असतो.